रकान्यातली रेषा

अंबरनाथ (पूर्व)
१३ मे २०२५

श्री. बबनभाऊजी,
जयभीम.

मायाला तीन कागद हवे आहेत आणि ते तुमच्याशिवाय कोणाकडे नाहीत, म्हणून हे पत्र. नाहीतर बारा वर्षांनी मी लिहिलं नसतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. फोन केला असता, पण माझा नंबर तुम्ही ब्लॉक करून ठेवला आहे. काल पाकीट आणायला गेले तेव्हा पोस्टातला माणूस म्हणाला, "मावशी, बदलापूरला रजिस्टर कशाला? रिक्षाने अर्ध्या तासात पोचाल." मी म्हटलं, "मला सही हवी आहे, गप्पा नकोत."

मुद्द्याचं लिहिते. नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात मायाला आंतरराष्ट्रीय कायद्याच्या एलएलएमला प्रवेश मिळाला आहे. एक वर्षाचा अभ्यासक्रम, सप्टेंबरपासून. तुम्ही तिला शेवटचं २०१९ मध्ये पाहिलंत, तुमचे दादा गेले त्या दिवशी. तेव्हा ती कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होती. आता ती कल्याणच्या कोर्टात वकिली करते. हेंद्रेपाड्यातला एक वेल्डर आखातात अडकला होता. कंपनीने पासपोर्ट काढून घेतलेला, पगार नाही, परत येता येईना. त्याची बायको मायाकडे आली. माया दीड वर्ष अर्ज करत होती. प्रत्येक दारात एकच उत्तर, हे आमच्या हद्दीत येत नाही. तो माणूस शेवटी सुटून आला. पण हद्दीच्या पलीकडचा कायदा शिकायचा हे तिच्या डोक्यात तेव्हापासून बसलं.

शासनाची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळाली तरच ती जाऊ शकेल. नाही मिळाली तर जागा सोडावी लागेल. त्या अर्जाला जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं. मायाकडे ते नाही. का नाही, तेही तुम्हाला ठाऊक आहे.

हवं आहे ते असं. तुमच्या सुयोगच्या पडताळणी प्रमाणपत्राची प्रत. मायाच्या आजोबांच्या, आण्णांच्या, शाळेतल्या नोंदीचा उतारा, मूळ. आणि तुमचे दादा, म्हणजे मायाचे वडील, तुमचे सख्खे भाऊ होते असं तुमचं प्रतिज्ञापत्र. उताऱ्यासाठी मी स्वतः गेल्या आठवड्यात मुरबाडकडे आपल्या गावच्या शाळेत जाऊन आले. जुन्या रजिस्टरला वाळवी लागली आहे. बाईंनी उरलेला पुठ्ठा दाखवला. त्यावर मागता येण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही तेव्हा काढून घेतलेला उतारा एवढाच आता शिल्लक आहे.

अर्जाची मुदत ३० जून. पडताळणीच्या समितीकडे त्याआधी कागद जायला हवेत. म्हणजे तुमच्याकडून मला १० जूनपर्यंत.

२०१३चा विषय मी इथे काढत नाही. तुम्हीही काढू नये.

यशोधरा रोकडे


२४ मे २०२५

बबनभाऊजी,
जयभीम.

पोच आली. सही उमाची आहे. तिने मला फोन केला, हे तुम्हाला न सांगता केला असावा, कारण ती गच्चीवरून बोलत होती आणि मागे पापडांवरचे कावळे हाकलत होती. तिला बोलू नका. मी लपवून ठेवण्यापेक्षा तिचे शब्दच लिहिते.

"वहिनी, त्यांनी पत्र वाचलं. दोनदा वाचलं."

"मग?"

"मग चष्मा काढला आणि खाली जाऊन बाकावर बसले. जेवायला हाक मारली तरी वर येईनात."

"उमा, हो की नाही, एवढं सांग."

"तुम्ही ना, रिटायर झालात तरी अजून वर्गातच उभ्या आहात! हो की नाही असं नसतं सगळ्याचं. ते म्हणाले, दादाला माझ्या पोरासाठी एक सही जड झाली. त्याची सीट गेली. आता दादाच्या पोरीसाठी माझी सही हलकी कशी होईल, ते तुझ्या वहिनीला विचार."

विचारलंत, म्हणून लिहिते. विषय काढायचा नाही असं मीच म्हटलं होतं, पण आता तो निघालाच आहे.

२०१३ मध्ये सुयोगला इंजिनिअरिंगची राखीव जागा मिळाली होती. पडताळणीत अडचण आली ती आण्णांच्या नावाची. शाळेच्या नोंदीत ते धोंडू राघो. दीक्षा घेतल्यावर त्यांनी आनंद हे नाव घेतलं आणि पुढे आयुष्यभर आनंद राघो रोकडे म्हणून राहिले. हे दोघे एकच, असं थोरल्या मुलाने शपथेवर लिहून द्यायचं होतं. तुम्ही तुमच्या दादांकडे मागितलंत. ते तुम्हाला मिळालं नाही. मुदत संपली, जागा गेली. पुढच्या वर्षी गावच्या कौसाबाई आत्यांचा अंगठा घेऊन तुम्ही काम केलंत. आता आत्याही नाहीत.

माझी बाजूही तुम्हाला माहीत आहे. माझे वडील म्हणायचे, छप्पन साली सोडली म्हणजे सोडली, घरातून आणि कागदावरूनही. मी नोकरी खुल्या जागेवर केली. मायाच्या शाळेचा फॉर्म मी भरला तेव्हा धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलं आणि जातीच्या रकान्यात आडवी रेषा ओढली. फूटपट्टी लावून ओढली. त्या रेषेची मला आजही लाज वाटत नाही.

माया मात्र परवा म्हणाली, "आई, तू रेषा ओढलीस तेव्हा मी सहा वर्षांची होते. मला विचारलं नव्हतंस."

मी म्हटलं, "सहा वर्षांच्या मुलीला काय विचारायचं?"

"तेच म्हणतेय. निदान मोठी झाल्यावर विचारायचंस. तुझं तत्त्व तू माझ्या दाखल्यावर ठेवलंस आणि विसरून गेलीस. समितीपुढे मी काय सांगू, आमच्या घरी पट्टी होती म्हणून?"

हसली नाही ती. मीही हसले नाही.

तुमचा राग मला कळतो. पण तुमच्या दादांना यात ओढू नका. त्यांनी तुमचं काही वाईट केलं नाही, एवढंच सांगते. १० जून.

यशोधरा


१ जून २०२५

बबनभाऊजी,

सोबत एक कागद जोडला आहे. आधी तो बघा, मग हे वाचा.

सही तुमच्या दादांची आहे. तारीख १८ जुलै २०१३. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये टाइप करून घेतला, शपथ घेतली, शिक्का मारून आणला. धोंडू राघो आणि आनंद राघो हे एकच, आणि बबन आनंद रोकडे हे माझे सख्खे धाकटे भाऊ. तुम्ही मागितलंत त्याच्या तिसऱ्याच दिवशी त्यांनी हे केलं. संध्याकाळी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "उद्या बदलापूरला, कुळगावात तुझी परीक्षेची ड्यूटी आहे ना, जाताना बबनकडे टाक."

मी टाकलं नाही. माझ्या बी.एड.च्या प्रमाणपत्रांच्या फायलीत ठेवलं. दोन दिवसांनी तुम्ही आमच्या दारात आलात तेव्हा ते पाळीवर होते. मी तुम्हाला आत न घेता सांगितलं, "ते सही करणार नाहीत. पुन्हा विचारू नका." रात्री त्यांनी विचारलं, "दिलास ना कागद?" मी म्हटलं, "दिला."

पुढे जागा गेल्याचं त्यांच्या कानावर आलं. मी म्हटलं, दुसरा काही कागद कमी पडला असेल. त्यांनी तुम्हाला फोन केले, तुम्ही उचलले नाहीत. आण्णांच्या स्मृतिदिनाला ते दरवर्षी तुमच्यासाठी ताट वाढून ठेवायला लावत आणि दुपारी तीनपर्यंत कोणाला उचलू देत नसत. त्यांना वाटत राहिलं की धाकटा कशावरून तरी रुसला. तुम्हाला वाटत राहिलं की थोरल्याने नाही म्हटलं. दोघांच्या मध्ये मी उभी होते आणि मला बोलता येत होतं. मी बोलले नाही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "बबनने मनात काय धरलंय गं?" मी म्हटलं, "तुम्ही आराम करा."

आता हे का सांगते आहे? माया अभ्यासक्रम सुरू व्हायच्या आधीची पुस्तकं वाचते आहे. वाचलेलं मला मराठीत समजावून सांगते, म्हणजे तिच्या लक्षात राहतं. मी मेथी निवडत होते.

ती म्हणाली, "आई, यात एक गंमत बघ. दोन देशांनी करारावर सही केली, फोटो काढले, हात मिळवले. तरी बऱ्याचदा करार लागू होत नाही. मग देशाने मंजुरीचा कागद तयार करायचा आणि ठरलेल्या ठिकाणी नेऊन जमा करायचा."

"आणि नाही केला जमा?"

"तर सही कपाटात. समोरच्याच्या लेखी काही घडलंच नाही."

मेथी तशीच टाकून मी कपाट उघडलं आणि हा कागद तिच्यासमोर ठेवला. सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "बाबांना कळलं होतं?" मी नाही म्हटलं. मग ती उठून गेली आणि दीड दिवस माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी चहा घेताना म्हणाली, "हा कागद काकांचा आहे. माझ्या कागदांची वाट बघू नकोस. आजच पाठव. बदल्यात काही मागू नकोस."

तेव्हा मागत नाही. माझं तत्त्व माझ्यापुरतं होतं. ते मी सुयोगच्या जागेवर चालवलं आणि तुमच्या दादांच्या नावावर खपवलं. तुम्ही मायाला कागद दिले नाहीत तर मी त्याला अन्याय म्हणणार नाही. मायाही म्हणणार नाही, असं तिने तिच्या तोंडाने सांगितलं आहे. तिची जागा गेली तर ती माझ्यामुळे गेली, हे तिला माहीत आहे.

हे लिहून मला हलकं वाटतं आहे. त्याचीही लाज वाटते.

यशोधरा


११ जून २०२५

भाऊजी,
जयभीम.

काल तुम्ही उल्हासनगरला आलात. तिथे मला बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही येणार हे उमाने आदल्या दिवशी कळवलं तेव्हा मी तिला दोनदा विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "त्यांनी स्वतः शर्टाला इस्त्री केली, वहिनी. मला हात लावू दिला नाही. यावरून काय ते समजा." तरीही साडेदहा वाजता प्रांत कार्यालयासमोर तुम्हाला प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून उभं पाहिलं, तेव्हा मी रस्त्याच्या अलीकडेच थांबले. माया पुढे गेली आणि वाकली. तुम्ही तिला वाकू दिलं नाहीत. "वकीलसाहेब, कोर्टात वाकायची सवय लावून घेऊ नका," म्हणालात. आवाज थेट आण्णांचा.

तो टायपिंगवाला विनीत माझा विद्यार्थी, हे तुम्हाला कळलंच असेल. कॅम्पातल्या सिंधी मुलांमध्ये गणितात सगळ्यात कच्चा. "मॅडम, आप बैठो. आपने मुझे बेंच पे खड़ा किया था, मैं आपको कुर्सी दे रहा हूं," म्हणाला. मी म्हटलं, "विनीत, टाइप नीट कर. तेव्हाही तू हातचा विसरायचास." तुम्ही तोंड फिरवून हसलात. मी पाहिलं.

आधी माझं प्रतिज्ञापत्र झालं. मी शपथेवर लिहून देते की माझी मुलगी माया राजेंद्र रोकडे हिच्या शाळाप्रवेशाच्या अर्जात जातीच्या रकान्यात रेषा मीच ओढली, ती वैयक्तिक विचारांमुळे, आणि त्यात माझ्या मुलीचा काही संबंध नव्हता. विनीतने वाचून दाखवलं तेव्हा ते दुसऱ्याच बाईचं वाटलं. पण खरं होतं, सही केली.

मग तुमचं. विनीतने माझ्याकडे बोट करून तुम्हाला विचारलं, "अंकल, ये आपकी कौन?" मला वाटलं होतं, तुम्ही 'मायाची आई' म्हणाल. तेवढ्याने कागदाचं काम भागलं असतं. तुम्ही म्हणालात, "वहिनी."

बाहेर पायऱ्यांवर तुम्ही मला बाजूला घेऊन बोललात तेही लक्षात आहे. "कागद मायासाठी दिले. दादाच्या सहीवरून मी तीन दिवस हात फिरवतोय. तुमचं-माझं बाकी आहे, वहिनी. ते एका पत्रात फिटायचं नाही." त्याचं उत्तर आता देते. मान्य. बाकी राहू दे. मला ते चालेल. काहीच नाही यापेक्षा बाकी असणं बरं.

घरी आल्यावर मायाने सगळे कागद पलंगावर ओळीने मांडले आणि मी उलटतपासणी घेतली. तारखा, नावं, शिक्के. आण्णांचा उतारा पहिल्यांदाच नीट वाचला. धोंडू राघो, दुसरी इयत्ता, शाळा सोडण्याचं कारण 'गैरहजर'. माया म्हणाली, "आजोबा गैरहजर नसतील. वर्गाबाहेर बसवलेले असतील." मी उतारा सगळ्यात वर ठेवला. मग तिने फाइल बांधली. मी बारा तास झोपले. शाळेत नोकरी लागल्यापासून मी कधी सहाच्या पुढे झोपलेली नाही. आज दहा वाजता उठले, आणि मायाने पोहे करून ठेवले होते, कच्चे.

यशोधरा


२० ऑगस्ट २०२५

भाऊजी,
जयभीम.

फोनवर सगळं सांगून झालं आहे, कारण आता तुम्ही फोन उचलता. तरी हिशोबाने एकदा कागदावर असावं.

समितीने मायाला बोलावलं तेव्हा रेषेचा प्रश्न निघालाच. तिने माझं प्रतिज्ञापत्र पुढे केलं. तिथल्या बाईंनी वाचलं आणि विचारलं, "तुमच्या आई शिक्षिका होत्या का?" माया म्हणाली, "कसं ओळखलंत?" त्या म्हणाल्या, "चूक झाली, असं कुठेच लिहिलेलं नाही." मायाला हसू आवरेना. तरीही प्रमाणपत्र मिळालं, सुयोगच्या प्रमाणपत्राच्या आधारे, फार न लांबता. नातं स्पष्ट होतं, तुम्ही शपथेवर सांगितलं होतं. शिष्यवृत्तीच्या यादीत तिचं नाव आलं त्या दिवशी मी बाजारातून पेढे न आणता एक किलो साखर आणली आणि घरी आल्यावर लक्षात आलं की मला पेढे आणायचे होते. एवढं सुटल्यासारखं मला तुमच्या दादांची बायपास झाली त्या वेळीही वाटलं नव्हतं. व्हिसा आला. दात तपासून झाले. पदवी परदेशात चालावी म्हणून तिच्यावर दिल्लीचा शिक्का बसून आला.

सुयोगने मायाला पुण्याहून व्हिडिओ कॉल केला. त्याच्या कंपनीने त्याला सहा महिने नेदरलँड्सला पाठवलं होतं, हे मला माहीतही नव्हतं. "छत्री नेऊ नको, वाऱ्याने उलटी होते. जॅकेट घे. आणि सायकल शीक, नाहीतर तुला लहान पोरंसुद्धा ओव्हरटेक करतील." मग म्हणाला, "काकूला दे."

मी फोन हातात घेतला आणि उभी राहिले. बसून बोलण्यासारखं ते नव्हतं. मी म्हटलं, "सुयोग, तुझं एक वर्ष मी घालवलं. तुझ्या काकांनी नाही. मी."

तो म्हणाला, "काकू, पप्पांनी सांगितलं. त्या वर्षी मी बदलापूर स्टेशनजवळ मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात बसायचो. किर्ती तिथे स्क्रीन बदलायला आली होती. ते वर्ष गेलं नसतं तर तुमची सून दुसऱ्याच्या घरी गेली असती." मागून किर्ती ओरडली, "आणि माझी स्क्रीन यांनी दोनदा फोडली, ते सांगा!"

तो मला सोडवायला बघत होता. चांगला मुलगा आहे. पण मी त्याला सांगितलं आणि तुम्हालाही सांगते, त्याचं नशीब चांगलं निघालं म्हणून माझं करणं चांगलं ठरत नाही. तो म्हणाला, "बरं काकू, मग तुम्ही वाईट, झालं?" मी म्हटलं, "झालं." आणि मग मला रडू आलं, जे मी तुमचे दादा गेले तेव्हाही कोणाला दिसू दिलं नव्हतं. मायाने फोन काढून घेतला.

तिचं विमान रविवारी, २४ तारखेला रात्री आहे. ती जायच्या आधी दुपारी आम्ही दोघी खरवईला तुमच्याकडे येतो. उमाला सांगा, जेवण करू नको, आम्ही घाईत आहोत. ती ऐकणार नाही, ते मला ठाऊक आहे. तुमचे मूळ कागद मी सोबत आणते. ते तुमच्या घरातले आहेत, तुमच्याच कपाटात राहिले पाहिजेत. पुढे सुयोगच्या मुलांना लागतील. मायाने प्रती काढून घेतल्या आहेत.

देताना यादी करून सही घेईन. सवय आहे, राग मानू नका.

यशोधरा


खरवई, बदलापूर
२४ ऑगस्ट २०२५, दुपारी २.४०

श्री. बबन आनंद रोकडे यांना आज समक्ष परत दिले:

१. शाळेच्या नोंदवहीतील उतारा, धोंडू राघो, मूळ, एक पान. उजवा कोपरा आधीपासून फाटलेला.
२. जात पडताळणी प्रमाणपत्र, सुयोग बबन रोकडे, मूळ, एक पान, प्लास्टिकसह. समितीला दाखवण्यासाठी त्यांनी १० जून रोजी प्रतीऐवजी मूळच दिले होते.
३. प्रतिज्ञापत्र, बबन आनंद रोकडे, दि. १० जून २०२५, दुसरी प्रत, दोन पाने.
४. कै. कौसाबाई यांच्या अंगठ्याचे प्रतिज्ञापत्र, २०१४, मूळ, दोन पाने. मागितले नव्हते, पिशवीत आले होते.

एकूण पाने सहा. घेणाऱ्याने मोजून सही करावी.

देणार: यशोधरा राजेंद्र रोकडे

घेणार: मिळाले. मोजले नाहीत. बबन